पाठीवरची टकटक

भांडायला मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. एस.टी.च्या कंडक्टरशी भांडलो, लाइनमनशी भांडलो, वर्ध्याच्या बाजारातल्या अडत्याशी तर इतका भांडलो की शेवटी शेवटी मी दिसलो की तो आधी चहाच मागवायचा. चौथीत शाळा सुटली, तेव्हाच तोंडही सुटलं, ते सुटलंच. पण भांडायला समोर माणूस लागतो. हे सगळं लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी, की या एका वेळी मला समोरचा माणूसच सापडला नाही.

आमचं गाव धाम नदीच्या काठानं, पवनारहून पायी जाण्याइतकं. दोन पिढ्यांपासून वांगी, मिरची, मेथी लावतो आणि वर्ध्याला नेऊन विकतो. बायकोचे डोळे काचबिंदूनं गेले. थेंब टाकता टाकता एका बाजूनं उजेड सरकत गेला आणि मग दुसऱ्याही बाजूनं. पण तिचं काही अडलं नाही, असं तीच म्हणते. घर हातानं माहीत, चूल हातानं माहीत. मेथीची जुडी अजूनही माझ्यापेक्षा सरस बांधते. अडायचं फक्त दोन ठिकाणी. किती वाजले, आणि फोन वाजला तर कोणाचा आहे. या दोन गोष्टी तिला मला विचाराव्या लागायच्या आणि विचारणं तिच्या जिवावर यायचं. स्वभावानं ती माझ्याच तोलाची. नसती, तर माझ्यासोबत इतकी वर्षं टिकली नसती.

मग घरात तो नवा फोन आला. वर्ध्याच्या दुकानात काचेच्या कपाटात पाच-सहा कंपन्यांचे फोन मांडलेले होते आणि दुकानदारानं सगळ्यांत खालच्या खणातून हा काढला. फार नाव नसलेली कंपनी. पण त्याच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं की आतली बाई मराठीत वेळ सांगायची. फोन वाजताना एकदा टकटक केलं की कोणाचा आहे ते नाव घेऊन सांगायची, परत केलं की उचलायची. तीनदा टकटक केलं की सरळ पुण्याला मुलीला लागायचा. काचेला हात लावायचं कामच नाही. कारण काचेचं आणि आमच्या बोटांचं जमत नाही. जन्मभर निंदण-खुरपण केलेली बोटं आहेत ती, काचेला ती बोटं वाटतच नसावीत. घासून घासून दमलो तरी ती हलत नाही.

बायको त्या आवाजाला ‘माही बाई’ म्हणायची.

“पाचाले दहा कमी हायेत,” ती मला ओसरीवरून ओरडून सांगायची. “वावरात जाच्चं नाई का आज?”

“तुले कोनं सांगतलं?”

“माह्या बाईनं. तुमच्यापेक्षा बरी हाये ते. इचारलं तेवढंच सांगते.”

दिवसभर घरातून टकटक ऐकू यायची. उगाचच वेळ विचारायची ती. विचारता येतं म्हणून विचारायची. मुलीशी बोलायचं तर मी वावरातून कधी येतो याची वाट बघणं संपलं. माझ्या पाठीमागे मायलेकी माझ्याच कागाळ्या करायला लागल्या, हे मला त्यांच्या हसण्यावरून कळायचं. मी गावभर त्या फोनचं कौतुक केलं. माझा शब्द आमच्याकडे अजून चालतो. माझ्या शब्दावर कितीतरी जणांनी तो घेतला. बायकोच्या धाकट्या भावानंही घेतला, त्याच्या आईसाठी, म्हणजे माझ्या सासूसाठी. त्याचा ढाबा आहे कारंजा घाडगेला, नागपूर-अमरावती रोडवर.

एक दिवस फोनवर एक चौकोन आला. मी चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवून वाचला. नवीन सुधारणा आली आहे म्हणे. खाली दोन बटणं, एक ‘आता’ आणि एक ‘नंतर’. काम नंतरवर टाकणारा माणूस मी नाही. आणि सुधारणेला नाही कोण म्हणतो? ‘आता’ दाबलं.

दुपारी बायकोनं टकटक केलं. बाई बोलली नाही. परत केलं. मग तिनं फोन कानाशी धरला, जसा आजारी वासराच्या छातीला कान लावतात तसा, आणि मला म्हणाली, “झोपली का वो हे?”

दुसऱ्या दिवशी मी भाजीचं पोतं आणि फोन दोन्ही घेऊन वर्ध्याला गेलो. दुकानदार माझ्या मुलीच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो. त्यानं फोन उलटा-पालटा केला आणि म्हणाला, “काका, बिघडला नाई हा. टकटक काढून टाकली त्यातून.”

“कोनं काढली? फोन तं माह्या घरात होता.”

“कंपनीनं. अपडेट आला ना, त्यात.”

“माह्या घरात येऊन माही वस्तू काढून नेली आन मले इचारलंबी नाई?”

“इचारलं असन. तुमीनं हो म्हटलं असन.”

‘आता’ मीच दाबलं होतं. तो सांगायला लागला आणि मी जेवढं समजलं तेवढं डोक्यात धरून ठेवलं. दुसरी एक कंपनी आहे, मोठी. तिचं म्हणणं, पाठीवर टकटक केल्यावर फोननं उत्तर द्यायचं, ही युक्ती आमची आहे आणि आमच्याकडे तिचा कागद आहे. त्या कागदाला पेटंट म्हणतात. म्हणून तिनं लहान कंपनीवर केस टाकली. एक तर प्रत्येक फोनमागे आम्हाला पैसे द्या, नाहीतर काढून टाका. लहान कंपनीनं काढून टाकलं.

“खरी कोनाची हाये मंग युक्ती?”

“लहान कंपनी म्हनते, आमची आमीच शोधली. मोठी म्हनते आमची. कोर्ट ठरवन कधी तरी.”

“अजून ठरलंबी नाई?”

“नाई ना. ठरेपर्यंत कुठची टिकते लहान कंपनी! असे अजून धा कागद हायेत म्हनतात मोठीजवळ, एकातून सुटली का दुसऱ्यात धरतात. ते कंपनी आपल्याकडे माल पाठवनं बंद करून राह्यली. गेली समजा.”

“जाऊ दे. त्या मोठ्या कंपनीचा फोन दाखव. महाग तं महाग. त्यात तं टकटक असन?”

दुकानदार हसला, पण मला नाही, स्वतःलाच हसल्यासारखं. “त्यायच्या कोन्याच फोनात नाई, काका. कागद हाये, फोनात नाई.”

तेव्हा मी त्या कपाटाकडे बघितलं. पाच-सहा कंपन्यांच्या जागी दोनच उरल्या होत्या. खालचा खण रिकामा होता आणि त्यात त्यानं फोनच्या कव्हरांचे गठ्ठे भरून ठेवले होते. वरच्या खणातले फोन पहिल्यापेक्षा महाग झाले होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “दोघंच उरले बाजारात. मंग भाव ते म्हनन तो.” हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. बाजारात दोनच गाड्या मेथी आली की काय होतं ते मी जन्मभर बघत आलो आहे. एरवी ते माझ्या फायद्याचं असतं, एवढंच.

मी आवाज चढवला. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकायला लागली. दुकानदार शांतपणे म्हणाला, “काका, त्यायची बाजूबी पाहा ना. एकानं डोकं चालवलं, पैसा घातला. दुसऱ्यानं फुकटात उचललं तं उद्या डोकं कोन चालवन?”

आता हे काही खोटं नव्हतं. मलाच ते लागू होतं. आमच्या घरचं एक काटेरी वांगं आहे, माझ्या बापानं बी राखून राखून केलेलं. मी त्याची रोपं विकतो. गावातल्या एकानं माझ्याकडून खायला म्हणून वांगी नेली, त्यातलं एक पिकवलं, बी धरलं आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या वाफ्यात रोपं करून विकायला बसला. मी त्याच्याशी असा भांडलो की नदीच्या पलीकडे आवाज गेला असेल. अजूनही आम्ही बोलत नाही. पण मी हे दुकानदाराला सांगितलं आणि वर म्हटलं, “भांडलो तं त्याच्यासंग भांडलो. ज्यायनं त्याच्याजवळून रोपं घेऊन आपापल्या वावरात लावले, त्यायच्या वावरात शिरून रोपं उपटाले गेलो नाई मी. इथं तं माह्या घरातलं उपटून नेलं.”

गिऱ्हाइकांतला एक जण म्हणाला, “बराबर बोलून राह्यले बाबा.” दुकानदारही म्हणाला, बरोबर आहे. सगळ्यांनी मान हलवली. आणि झालं काहीच नाही. भांडण जिंकलं की घरी काहीतरी घेऊन जायची माझी सवय. त्या दिवशी हात हलवत गेलो.

जाण्याआधी मी त्याला म्हटलं होतं, त्या दोन्ही कंपन्यांच्या मालकांना फोन लाव, मी बोलतो. त्यानं मला पाणी दिलं.

तसं त्यानं हात झटकले नव्हते. त्यानं दुसऱ्या एका फोनात सगळंच बोलून दाखवायची सोय चालू करून दिली. तो मी बायकोकडे नेला. तो फोन जिथं बोट लागेल तिथलं सगळं बोलायचा, चार्जिंगचे टक्के सांगायचा, बटण सांगायचा, इंग्रजी सांगायचा. आणि त्यालाही काचेवरच बोट फिरवायचं, एकदा असं, दोनदा तसं. बायकोनं आठवडाभर धीर धरला. मग म्हणाली, “वापस करून या. हा लयच बोलते. एका घरात असे दोघं नाई झेपत मले.”

तो फोन परत करायला गेलो तेव्हा दुकानदारानं एक वाट सांगितली. त्याच कंपनीचा जुना फोन कुठं पडून असला, ज्याला बरेच दिवस नेट लागलेलं नाही, तर त्यात टकटक अजून असेल. “मिळाला तं जसा हाये तसा माह्याजवळ आना. मी त्याचा अपडेट बंद करून देतो. मंग चालन जिंदगीभर.”

माझ्या डोळ्यासमोर लगेच तो फोन आला. सासूचा. सासू तो घेतल्यावर थोड्याच महिन्यांत गेली आणि फोन तिच्या लुगड्यांसोबत कपाटात राहिला होता. म्हणजे माझ्या साळ्याच्या घरी. आणि साळ्याच्या घरी मी जात नव्हतो.

कारण सांगतो. सासूच्या तेरवीला मला पहिल्या पंगतीत बसवलं नाही. थोरला जावई मी. पहिल्या पंगतीत ढाब्यावरचे ट्रकवाले बसले होते आणि साळा मला म्हणाला, भाऊजी, तुम्ही तर घरचेच. घरचा माणूस मागून जेवतो हे मला मान्य आहे. पण जावई घरचा नसतो. मी न जेवता निघालो, बायकोलाही उठवलं. त्यावर कोणाला काही म्हणायचं असेल तर म्हणो. मला आजही तेच वाटतं.

तरी गेलो. बायकोला सांगितलं नाही, बाजाराला जातो म्हटलं. वर्ध्यावरून आर्वीची गाडी, आर्वीहून कारंजाची. रस्ताभर मी मनात पहिलं वाक्य बसवत होतो. ढाब्यावर पोचलो तेव्हा साळा तव्याजवळ उभा होता. मला बघून त्याच्या हातातला झारा तसाच राहिला.

“भाऊजी? ताई बरी हाये ना?”

“बरी हाये. तुह्या मायचा फोन हाये का?”

हेच माझं पहिलं वाक्य झालं. बसवलेलं वेगळं होतं.

फोन होता. घर ढाब्याच्या मागेच. साळ्यानं कपाटातून काढून आणला, लुगड्याच्या घडीत होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. चार्जिंगला लावला. जरा वेळानं तो जिवंत झाला. मी पाठीवर दोनदा टकटक केलं.

बाई बोलली. वेळ चुकीची सांगितली तिनं, कुठली तरी मधल्या रात्रीची, पण बोलली. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मी परत दोनदा टकटक केलं, उगाचच. साळा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी म्हटलं, “जसा हाये तसाच दे. ताईले पाह्यजे.”

“जसा हाये तसा? हो ना,” तो म्हणाला. “पन आंधी जेवा. आज उपाशी नाई जाऊ देत तुमाले.”

आणि मग त्यानं जे केलं ते सांगतो. ढाब्यावर भर दुपारी ट्रकवाले ताटकळत होते. त्यानं त्यांना थांबवलं. खाटेवर नवी चादर टाकली. माझ्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, जशी जावयाच्या ठेवतात तशी. स्वतःच्या हातानं पाटोडीचा रस्सा वाढला. एक ट्रकवाला हिंदीत ओरडला, “अरे सेठ, हमारा नंबर कब?” तर साळा म्हणाला, “जमाई है हमारा. पहली पंगत इनकी.”

मी सावकाश जेवलो. घाई करायचं मला काही कारण दिसलं नाही. पोळीवर तूप मागून घेतलं. मला तेवढं घ्यायचंच होतं आणि त्यालाही तेवढं द्यायचंच होतं.

हात धुवून निघालो तेव्हा कारंजाच्या चौकात आर्वीची गाडी लागलेली होती. साळा मोटारसायकलनं मला तिथं घेऊन आला. गाडीच्या दारात त्यानं नव्या रुमालात बांधलेला फोन माझ्या हातात दिला. आमच्याकडे बहिणीच्या घरी भांडं रिकामं पाठवत नाहीत. ताकाचं भांडं परत करायचं असलं तरी तळाला मूठभर साखर घालून परत करतात. हे मी लहानपणापासून बघत आलो आहे आणि तेच मला ‘जसा हाये तसा’ म्हणताना आठवायला हवं होतं.

“रिकामा नाई देल्ला, भाऊजी,” तो म्हणाला. त्याचं तोंड आनंदानं भरलं होतं. “फुल चार्ज केला. ताईले आवडतात ते भजनं भरले, लय सारे. ढाब्याचं नेट लावून देलतं ना. कवाचा जुना पडून होता, सुधारना मागून राह्यलता, तेबी करून देल्ली. आता कसा, नवा कोरा झाला!”

कंडक्टरनं घंटी मारली.

मी गाडीत चढलो. खांद्यावर त्याचा दुपट्टा होता आणि तो खालून हात हलवत होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला बोलायचं होतं आणि तोंड उघडलं नाही. तोंड उघडून कोणाला बोलणार होतो? ज्यानं टकटक उपटली त्याला साळा माहीत नाही, आणि साळ्याला तो माहीत नाही.

रस्ताभर रुमालाची गाठ मी सोडली नाही. देवाचा प्रसाद असतो तसा मांडीवर धरला. मनाला समजावत होतो, झालं नसेल, नेट कमी असेल, साळ्याला काय कळतं. आर्वीच्या स्टँडवर अर्धा तास गाडीची वाट बघितली, तेव्हाही सोडली नाही.

घरी आलो तर बायको मिरच्यांची देठं काढत बसली होती. मी रुमाल तिच्या ओटीत ठेवला. तिनं वास घेतला.

“माह्या मायचं लुगडं,” ती म्हणाली. “कारंजाले गेलते तुमी?”

“गेलतो.”

“जेवले का?”

“जेवलो. पहिल्या पंगतीत.”

ती हसली. गाठ सोडली, फोन पालथा करून हातात घेतला आणि दोनदा टकटक केलं. मी भिंतीकडे बघत होतो. परत टकटक. मग जरा जोरात. मग तिनं आपलं बोट फोनच्या पाठीवरून सरळ फिरवलं, वरून खाली, आणि फोन शेजारी ठेवला. मिरच्या पुढे ओढल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही फोन शेजारी शेजारी होते, तिचा वाजला. कोणाचा आहे ते बाईनं सांगितलं नाही. बायकोनं हात पुढे केला आणि मी हिरवं बटण ओढून दिलं.

साळाच होता. मोठ्यानं बोलतो तो, मलाही ऐकू येत होतं. “ताई, पोचले का भाऊजी? बोलला का फोन?”

बायकोचे डोळे माझ्याकडे नव्हते, पण तोंड माझ्याकडे होतं.

“बोलला रे,” ती म्हणाली. “मस्त बोलते. भजनंबी आयकले. पोयाच्या सनाले येजो.”

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, उद्या वर्ध्याला जातो, दुकानदाराला विचारतो. ती म्हणाली, “राहू द्या.” तरी मी गेलो, त्यानंही राहू द्या म्हटलं. एकदा गेलं ते परत आणता येत नाही म्हणाला. खालच्या खणात आता चार्जर ठेवले होते.

आता फोन वाजला की ती धरून ठेवते आणि मी असलो तर नाव वाचून सांगतो, हिरवं ओढून देतो. मी वावरात असलो तर वाजून वाजून बंद होतो. मुलीशी बोलते, पण माझ्यासमोर. हसणं कमी झालं आहे. मुलगी म्हणते, आई, सवय होईल. केसचं काय झालं ते दुकानदारालाही माहीत नाही. चालू असेल म्हणतो.

टकटक मात्र अजून ऐकू येते. सवयीनं तिचं बोट जातं. पहिल्या वेळी मी ओसरीवरून लगेच ओरडून सांगितलं, “साडेचार झाले!”

आतली टकटक थांबली. मग ती म्हणाली, “तुमाले नोतं इचारलं मीनं. तुमाले इचारा नाई लागत म्हनूनच तं तो फोन होता.”

त्यानंतर मी सांगत नाही. आज दुपारीही टकटक झाली. माझ्या समोरच भिंतीवर घड्याळ आहे. मी वेळ बघितली आणि गप्प बसून राहिलो.